शिट्टी वाजल्यानंतर

थळच्या कोळीवाड्यात हुतुतू खेळणारे पुष्कळ होते, पण चढाई अनंताची आणि पकड सदाची, असं आक्षीपासून रेवसपर्यंत लोक बोलत. दोघं एका वयाचे. ओहोटी लागून ओली वाळू टणक झाली की होड्यांच्या पलीकडे पायानेच रेघा ओढायच्या आणि दिसेनासं होईपर्यंत खेळायचं, यात त्यांचं लहानपण गेलं. अनंता उंच, अंगाने सडपातळ. 'हुतुतू'चा दम घुमवत त्याने मधली रेघ ओलांडली की तो कुठल्या अंगाने येणार ते समोरच्याला उमजायचं नाही. सदा बुटका, मांड्यांनी भक्कम. तो डाव्या कोपऱ्यात ओणवा उभा राहायचा, आणि एकदा कुणाचा घोटा त्याच्या हातात आला की तो गडी परत जात नसे. गावातल्या गावात खेळताना दोघं समोरासमोर आले तर अनंता त्या कोपऱ्याकडे फिरकायचा नाही. "तिकडं कशाला मरायला जाऊ?" असं हसून म्हणायचा.

सदाची बहीण जनी अनंताला दिली, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. तो आधीपासूनच त्या घरात जेवत होता. सदाची आई सोनूबाई लग्नानंतरही जावयाला अरे-तुरेच करायची.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. पेणला सामने होते, आणि तिथे मुंबईच्या पोलिसांतल्या एका साहेबाने अनंताची चढाई पाहिली. त्यांना संघासाठी गडी हवे होते. अनंता भरती झाला आणि जनीला घेऊन पोलीस लाईनीतल्या एका खोलीत राहायला गेला. जाताना सदा त्याला रेवसच्या लाँचपर्यंत पोचवायला गेला होता. डाव्या कोपऱ्यात सदा तसाच राहिला, पण चढाईला तसा गडी थळला पुन्हा मिळाला नाही.

काही वर्षांनी सदाचा धाकटा भाऊ हरेश्वरही मुंबईला गेला. त्याला समुद्र लागायचा. कोळ्याच्या पोराला होडीत बसलं की ओकारी येते, यावरून त्याची गावात फार थट्टा व्हायची. लालबागच्या एका गिरणीत त्याला काम मिळालं. गाववाल्यांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात राहायचा आणि सुट्टीच्या दिवशी बहिणीकडे जेवायला यायचा. जनी सुक्या बोंबलांचं कालवण करायची. हरेश्वर हात वाळेपर्यंत ताटावर बसून बोलत राहायचा. त्या दिवसांत बोलायला विषय एकच होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही. तो सभांना जायचा, मोर्च्यांत चालायचा, घसा बसवून यायचा.

"दाजी, मी मोर्च्यात असलो आन् तुमी समोर, तर लाठी चालवाल?" त्याने एकदा विचारलं.

"तुझा कान धरून हितं आणीन आन् जनीसमोर बसवीन," अनंता म्हणाला.

तिघंही हसले होते.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार अशी घोषणा झाली आणि शहर पेटलं. अनंताची तुकडी गिरगावात होती. दगड येत होते, बाटल्या येत होत्या, माड्यांवरून बायका ओरडत होत्या. मग हुकूम झाला. अनंताने बंदूक खांद्याला लावली आणि झाडली. हवेत नाही, समोर. गल्लीच्या तोंडाशी पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला एक माणूस दमल्यासारखा खाली बसला आणि मग आडवा झाला. गोळी आपली की शेजारच्याची, हे अनंताला तेव्हा कळलं नाही आणि पुढे कधी कळणारही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला निरोप आला तो लालबागचा. तिथल्या गोळीबारात हरेश्वर गेला होता.

शहरात संचारबंदी होती. रेवसची लाँच बंद. थळला कळवायचं कसं आणि कळलं तरी तिथून कुणी यायचं कसं? गाळ्यातल्या माणसांना रस्त्यावर पाऊल टाकता येत नव्हतं. रस्त्याने जाऊ शकत होता तो फक्त खाकी कपड्यातला माणूस. अनंता तसाच रुग्णालयात गेला. तिथे ओळीने ठेवलेल्यांतून त्याने मेव्हण्याला ओळखलं, आणि स्मशानात एकट्याने त्याला अग्नी दिला. अंगावर गणवेश होता. बाजूच्या चितेपाशी पोलिसांनी गाडीतून आणलेली घरची माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यांतला एक म्हातारा त्याच्या पायाशी थुंकला. अनंताने मान वर केली नाही.

घरी येऊन त्याने जनीला सगळं सांगितलं. लालबागचंही आणि गिरगावचंही. ती भिंतीला टेकून ऐकत होती. त्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "त्यालाबी बहीण असंल." मग उठून तिने चूल पेटवली, पण वर काही ठेवलं नाही.

लाँच सुरू झाली तशी ती थळला गेली, आणि परत आली नाही.

थळला बातमी पोचली ती उलटीसुलटी होऊन. अनंताने गोळी घातली असं काहींनी धरलं. तो लालबागला नव्हताच, हे जनीने घसा फोडून सांगितल्यावर ते मागे पडलं, पण खाकी कपडे घालून हरेशला जाळला, हे राहिलं. सदाच्या मनात तर तेच बसलं.

"भावाला आग मी द्यायची व्हती," तो जनीला म्हणाला. "ज्यांनी मारला त्यांच्याच कपड्यात त्याला पोचवला. एक दिवस थांबता आलं न्हाय?"

"थांबू देत न्हवते रं. गाडीत घालून नेत व्हते सगळ्यांना."

"तू त्याच्या बाजूनं बोलू नको."

सोनूबाई दोघांचं ऐकायची आणि उठून कामाला लागायची. पहाटे टोपली घेऊन बाजाराला जायची, दुपारी यायची, मासळी वाळत घालायची. शिमग्याला अनंता आला तेव्हा कोळीवाड्यात त्याच्याशी कुणी बोललं नाही. लहानपणापासून ज्यांच्याबरोबर होळीचं लाकूड ओढलं ते तो आला की पाठ करून उभे राहायचे. सदा दोन दिवस होडी घेऊन बाहेरच राहिला. अनंता परत गेला.

त्या वर्षाच्या अखेरीला नागावला सामने ठरले. गावोगाव संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा चालू होत्या, निवडणूक तोंडावर आली होती. नागावच्या बड्या बागायतदारांना आणि वरच्या साहेबांना वाटलं की मुंबईचा पोलीस संघ बोलवावा, गावच्या पोरांबरोबर खेळवावा, म्हणजे लोकांच्या मनातला राग जरा निवळेल. पत्रकावर 'सलोख्याचे सामने' असंच छापलं होतं.

अनंताने साहेबाला सांगून पाहिलं की मला वगळा.

"का रे? घाबरलास, की समितीत गेलास?" साहेबाने विचारलं.

यावर पोलिसातल्या माणसाला एकच उत्तर देता येतं. तो संघाबरोबर निघाला.

अंतिम सामना थळ आणि पोलीस यांच्यात होणार हे कळल्यावर सगळं थळ नागावला लोटलं. माणसं होड्यांतून आली. किनाऱ्याला लागलेल्या होड्यांच्या पुढच्या टोकांना, नाळींवर, काळी फडकी बांधलेली होती. थळच्या गड्यांच्या बनियनवरही काळ्या फिती टाचलेल्या. पोफळीच्या वाड्या आणि समुद्र यांच्यामध्ये जे मोकळं मैदान होतं, त्याच्या चारी बाजूंनी लोक दाटले होते. झाडांवर पोरं चढली होती. चार-सहा शिपाई लाठ्या घेऊन कडेला उभे होते, आणि लोक त्यांच्याकडे पाठ करून नव्हे, तोंड करून उभे होते.

सोनूबाई आली नव्हती. जनी आली होती. सामन्याआधी ती मागच्या वाडीतल्या रहाटापाशी अनंताला भेटली. कित्येक महिन्यांनी दोघं समोरासमोर उभी होती. तो वाळला होता. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग रहाटाच्या मडक्यांकडे बघत बोलली.

"पोटात दुखतंय म्हणून सांगा. नका उतरू."

"मग बाकीचे उतरतील. त्यांना शिव्या पडतील आन् मी बाहेर बसून ऐकू?"

"त्यांच्या शिव्या तुमच्याच हायत."

"म्हणूनच उतरतो," अनंता म्हणाला. थोडं थांबून त्याने विचारलं, "आय कशी हाय?"

"हाय तशीच. सदाशी बोलले मी, की खेळ खेळासारखा खेळ. त्यानं उत्तर दिलं न्हाय."

पंच होते यज्ञेश्वर मास्तर. नागावचेच, वाडीवाले, शाळेत शिकवायचे. आंदोलनात त्यांनी स्वतः सत्याग्रह करून काही आठवडे तुरुंगात काढले होते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ते पोलिसांच्या बाजूने निकाल देणार नाहीत अशी लोकांची खात्री होती. मास्तरांनी मैदानात येऊन आधी दोन्ही नायकांना जवळ बोलावलं. पोलिसांचा नायक बाबाजी हवालदार, साताऱ्याकडचा दांडगा गडी. थळचा नायक सदा.

"रेघेच्या आत मी सांगेन ते चालेल," मास्तर म्हणाले. "शिट्टी झाली की हात सुटला पाहिजे. कबूल?"

"कबूल," बाबाजी म्हणाला. सदाने मान हलवली.

सुरुवातीला खरोखरच खेळ झाला. पोलिसांच्या संघात ताकद होती, थळच्या संघात चपळाई. बाबाजीने एका चढाईत थळचे दोन गडी मारले तेव्हा कडेच्या बागायतदारांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या संपायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "लालबागात किती मारले, तेबी सांगा!" मग आवाज वाढत गेला. थळच्या गड्याने पकड केली की 'झालाच पाहिजे' अशी आरोळी उठायची. पोलिसांचा गडी दम घेऊन निघाला की 'खुनी, खुनी' असा ठेका धरायचे, आणि त्या ठेक्यात त्याचा दम ऐकू यायचा नाही. मास्तरांना गड्याच्या तोंडाजवळ कान नेऊन धावावं लागत होतं. वाडीच्या बाजूने हिरव्या सुपाऱ्या येऊन पडायला लागल्या. एक बाबाजीच्या भुवईवर बसली. त्याने ती उचलून मैदानाबाहेर ठेवली, फेकली नाही.

मास्तरांनी खेळ थांबवला आणि लोकांसमोर जाऊन उभे राहिले.

"ही पोरं तुमच्याआमच्यातलीच आहेत," ते म्हणाले. "या हवालदाराचा सख्खा चुलता सत्याग्रहात तुरुंगात बसलाय. मी त्याच्याबरोबर होतो. मैदानात खेळ बघा. बाकीचं मतपेटीत दाखवा."

थोडा वेळ लोक गप्प राहिले. पण अनंता चढाईला उठला आणि ती शांतता गेली.

इतका वेळ बाबाजीने त्याला मागे ठेवलं होतं. आता पोलिसांचे मोजके गडी उरले होते, थळ पुढे होतं आणि पोलिसांवर सगळे बाद होऊन लोण चढायची वेळ आली होती. अनंता रेघेपाशी वाकला, मातीला हात लावून कपाळाला लावला. थळचे लोक त्याला शिव्या देत होते आणि त्या शिव्यांत त्याचं पाळण्यातलं नाव होतं, बापाचं नाव होतं. त्याने दम घेतला. पहिल्या चढाईत त्याने उजवीकडचा गडी पायाने मारला आणि परत आला. दुसऱ्या चढाईत आणखी एक. जुने लोक नकळत गप्प झाले. तीच चढाई होती, जी बघायला ते एकेकाळी पेणपर्यंत चालत गेले होते. एक म्हातारा तर 'शाबास' म्हणून गेला आणि आजूबाजूच्यांनी वळून बघितल्यावर खाली बसला.

तिसऱ्या चढाईला अनंता आला तेव्हा त्याच्यासमोर थळची उजवी बाजू जवळजवळ मोकळी होती. तिकडून हात लावून परत फिरणं त्याला सोपं होतं. तो वळला, आणि सरळ सदाच्या डाव्या कोपऱ्यात गेला. पाय मागे ठेवायचा तो त्याने पुढे टाकला.

सदाने घोटा धरला.

मग बाकीचे आले. एकाने कंबर धरली, एक पाठीवर पडला, सगळे त्याच्यावर कोसळले. अनंताचा दम थोडा वेळ ऐकू येत होता, खोल, वाळूत तोंड दाबल्यासारखा. मग तुटला. मास्तरांनी शिट्टी वाजवली. कुणी उठलं नाही. मास्तरांनी पुन्हा शिट्टी वाजवली आणि वरच्या गड्याला बनियनला धरून ओढलं. तो बाजूला झाला, दुसरा झाला. सदाने घोटा सोडला नव्हता. तो दोन्ही हातांनी पाय पिळत होता, डोळे मिटून, आणि लोक ओरडत होते. त्या ओरडण्यातही मास्तरांना हाड मोडल्याचा आवाज आला.

"सदा!" मास्तरांनी त्याच्या मनगटावर हात मारला. "सोड. शिट्टी झालीय. सोड."

सदाने डोळे उघडले आणि हात सोडले. अनंता उताणा झाला. त्याच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि पाय गुडघ्यापासून नको तिकडे वळला होता. तो ओरडला नाही. तो वर बघत होता.

लोक मैदानात घुसले. कडेचे शिपाई लाठ्या घेऊन धावले. कुणी कुणाला आधी मारलं हे सांगणं कठीण, पण बघता बघता सुपाऱ्यांच्या जागी दगड आले आणि लाठ्या चालू लागल्या. बाबाजी आणि त्याचे गडी अनंताभोवती कडं करून उभे राहिले. मास्तरांच्या कपाळाला दगड लागला. जनी त्या गर्दीतून वाकून आत शिरली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदराने त्याचं तोंड पुसत राहिली. बाबाजीने तिला विचारलं, "तू कोण?" ती म्हणाली, "ह्यांची बायको. त्याची बहीण." आणि तिने सदाकडे बोट दाखवलं.

सदाला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. सामना पुरा झाला नव्हता, चषक कुणाला दिला नव्हता, पण थळ जिंकलं असंच सगळ्यांनी धरलं. होड्या परत निघाल्या तेव्हा घोषणा पाण्यावरून दूरपर्यंत ऐकू येत होत्या. सदा होडीच्या कडेला बसला होता. एकाने त्याची पाठ थोपटली. "हरेशचं उट्टं काढलंस," तो म्हणाला. सदाने हात समुद्राच्या पाण्यात घातले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

अनंताला अलिबागच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण सरळ होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. जनी तिथेच राहिली. बाहेरच्या पडवीत चूल मांडून ती भात करायची.

काही दिवसांनी बाजार आटोपून सोनूबाई तिथे आली. रिकामी टोपली दाराबाहेर ठेवली, आत येऊन खाटेशेजारी जमिनीवर बसली. वर्ष होत आलं होतं आणि ती जावयाशी एक शब्द बोलली नव्हती. त्याने उठून बसायचा प्रयत्न केला.

"पडून राहा," ती म्हणाली.

बराच वेळ ती त्याच्या पायाच्या पट्टीकडे बघत होती. मग तिने विचारलं, "त्याचं तोंड कसं व्हतं?"

"कुणाचं, आये?"

"माझ्या हरेशचं. तूच बघितलास त्याला. दुसऱ्या कुणी बघितला न्हाय. सगळी मना त्याच्या मरणाचं सांगतात, भाषण करतात. त्याचं तोंड कसं व्हतं ते कुणी सांगत न्हाय."

"झोपल्यासारखं व्हतं."

"खोटं नको सांगू."

अनंताने भिंतीकडे पाहिलं. "डोळे उघडे व्हते," तो म्हणाला. "केसांत माती व्हती. मी तोंड धुतलं त्याचं. डोळे मिटले. पयल्यांदा मिटंनात, मग हात ठेवून राहिलो."

"गोळी कुठं व्हती?"

"हितं." त्याने स्वतःच्या गळ्याखाली हात लावला.

"दुखलं असंल?"

"न्हाय म्हणाले डॉक्टर. लगेच गेला."

हे खरं की खोटं, ते तिने विचारलं नाही. ती रडली नाही. जनी दाराला धरून उभी होती, तीच रडत होती. सोनूबाईने पदर सावरला, उठली, आणि अनंताच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

"त्याला एकट्याला न्हाय जाऊ दिलास, हे बरं केलंस," ती म्हणाली, आणि टोपली उचलून थळच्या वाटेला लागली.

यज्ञेश्वर मास्तर कपाळाची पट्टी सुटल्यावर थळला गेले. सदा होडीला डांबर लावत होता. मास्तर वाळूवर बसले.

"शिट्टी ऐकली होतीस?"

"ऐकली."

"मग?"

सदा काम थांबवून उभा राहिला. "सोडणार व्हतो मास्तर. हात ढिला केला व्हता. मग लोकांचा आवाज आला. आन् मना वाटलं, आता सोडला तर हरेश फुकट गेला." त्याने डांबराचा कुंचला पुन्हा उचलला. "तो कोपऱ्यात कशाला आला? उजवीकडं जागा व्हती. त्याला म्हाईत हाय, माझ्या कोपऱ्यात यायचं नसतं."

"त्यालाच विचार."

"न्हाय इचारणार."

"मी विचारलं होतं," मास्तर म्हणाले. "'दुसरीकडं कुठं जाणार व्हतो?' एवढंच म्हणाला."

सदाने ऐकलं आणि होडीच्या पलीकडच्या बाजूला गेला. मास्तर थोडा वेळ बसले आणि निघाले. त्यांनी त्यानंतर कुठल्याच सामन्याला शिट्टी हातात घेतली नाही. सदाही पुन्हा उतरला नाही. कोळीवाड्याच्या पोरांनी फार आग्रह केला. नागावच्या त्या सामन्याचं नाव जिल्ह्यात झालं होतं, थळचा संघ बघायला लोक लांबून यायचे. सदा म्हणायचा, कंबर दुखते.

निवडणुकीत समितीने जिल्ह्यात सरकारी पक्षाला धूळ चारली. थळला गुलाल उडाला. त्याच सुमारास अनंताला नोकरीतून कमी केलं आणि तो गावी आला. कुबडी घेऊन चालायचा. होडीवर जाता येत नव्हतं, म्हणून ओटीवर बसून लोकांची जाळी विणून द्यायचा. लोक जाळी आणून टाकायचे आणि विणून झाली की घेऊन जायचे. शिव्या कुणी देत नव्हतं. बोलतही फारसं नव्हतं. रात्री कधी तो झोपेत कुणाला तरी 'ऊठ, ऊठ' म्हणायचा. जनीला वाटायचं हरेशला म्हणत असेल. एकदा तिने विचारलं, तर तो म्हणाला, "हरेशला न्हाय. त्या पट्ट्याच्या सदऱ्यातल्याला. त्याचं नावबी म्हाईत न्हाय मना."

साठ साली महाराष्ट्र झाला. एक मे रोजी थळच्या देवळासमोर मांडव घातला होता. हरेश्वरचा गिरणीच्या पासवरचा फोटो मोठा करून आणला होता, त्याला झेंडूचा हार होता. तालुक्याचे पुढारी आले होते. हुतात्म्याच्या आईच्या हस्ते दीप लावायचा होता. सोनूबाईला नवं लुगडं नेसवून पुढच्या खुर्चीत बसवलं, शेजारी सदा.

तिच्या हातात काडी दिली तेव्हा तिने विचारलं, "जावई कुठं हाय?"

पुढाऱ्यांना कळेना. गावातल्या पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण तिच्या कानाशी लागून म्हणाला, "मावशे, त्याला आज हितं कसा आणायचा? लोक काय म्हणतील?"

"त्याच्या शेवटच्या टायमाला तो व्हता. तुमी कोण न्हवता," सोनूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "त्याला बोलवा, मग लावते."

पंचांनी सदाकडे बघितलं. सदाने एक शब्द काढला असता तर कुणी ना म्हणणार नव्हतं. तो समोरच्या फोटोकडे बघत बसला. सोनूबाईने थोडी वाट पाहिली. मग काडी पुढाऱ्याच्या हातात ठेवली, खुर्चीवरून उठली आणि गर्दीतून वाट काढत चालू लागली. मागे कुणीतरी दिवा लावला. टाळ्या झाल्या, घोषणा झाल्या.

ती अनंताच्या घरी आली. जनीने पान वाढलं. अनंता आणि सोनूबाई समोरासमोर बसून जेवू लागले. देवळाकडून फटाक्यांचे आवाज येत होते.

जरा वेळाने दारात सदा उभा राहिला. इतक्या वर्षांत तो या दाराशी आला नव्हता.

"आय हितं हाय का?" त्याने जनीला विचारलं, आत दिसत असूनही.

"हाय. जेवतेय."

अनंताने हातातला घास ताटात ठेवला. "ये," तो म्हणाला. "बस."

सदा आत आला नाही. ओटीच्या कडेला, अर्धवट विणलेल्या जाळ्याशेजारी, आतल्या माणसांकडे पाठ करून बसला. त्याने जाळ्याचं टोक बोटांत धरलं, सोडलं. बोलायला त्याने दोनदा तोंड उघडलं असावं, कारण जनीला त्याचे खांदे वर आलेले दिसले. फटाके थांबले, मांडवातली माणसं पांगायला लागली, आणि रस्त्याने जाणाऱ्यांनी सदाला तिथे बसलेलं बघितलं.

"जेवतोस का?" जनीने विचारलं.

"जेवलोय," तो म्हणाला.

तो जेवला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. सकाळपासून तो मांडवातच होता. तरी तिने पान वाढलं नाही, आणि आग्रह केला नाही. थोड्या वेळाने सदा उठला, धोतर झटकलं आणि किनाऱ्याच्या बाजूने निघून गेला.